अंगठ्याची रम

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा बारचालक, त्याआधी आरमाराच्या जहाजावर रम वाटणारा, बंदरात आणि गल्लीत 'मापाडी' या नावाने ओळखला जाणारा, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि सकाळपासून थेंबही न घेता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शेवटच्याबद्दल कोणाला शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, त्यांनी आठ वाजता येऊन माझ्या तोंडाचा वास घेतलाय. यकृत जेवढं उरलंय ते पंधरवडाभर रेटेल, असं ते म्हणतात. अक्षर वाकडं आलंय ते रोगामुळे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. त्याआधी करायला हवं होतं असं दुसरंच एक काम होतं, तेही केलेलं नाही. ते कलम सातमध्ये येईल. तिथवर पोचायला मला वेळ लागेल, वाचणाऱ्याने धीर धरावा.

कलम १. माझ्या देहाचं काय करायचं ते ठमीने ठरवावं. जाळा, पुरा, शिकाऊ डॉक्टरांना द्या. फक्त समुद्रात टाकू नका. म्हातारे खलाशी येतील आणि 'आरमाराचा माणूस, पाण्यातच जायला हवा' म्हणून हट्ट धरतील. त्यांचं ऐकू नका. पाण्यात आधीच एक जण आहे आणि त्याच्या शेजारी जायची माझी लायकी नाही.

कलम २. खालचा बार, त्यातलं सामान, परवाना, मागची कोठी आणि वरच्या दोन खोल्या माझ्या मुलीला. मुलगी म्हणजे ठमी. जन्मदाखल्यावर वेगळं, चांगलं नाव आहे, पण लहानपणी कंबरेवर हात ठेवून भांडायची म्हणून ठमी, आणि एकोणपन्नास वर्षांची झाली तरी ठमीच. ती माझ्या रक्ताची नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. तिचा बाप माझ्या जहाजावरचा शिट्टीवाला. ठमी जन्मली त्याच आठवड्यात तो गेला. तिच्या आईशी मी लग्न केलं तेव्हा ठमी दोन वर्षांची होती आणि पहिल्याच दिवशी माझे बूट घालून जिन्यावरून पडली. माझी बायको जाऊन सात वर्षं झाली. तिने मला कधी एका शब्दाने दुखावलं नाही. दुखावलं असतं तर बरं झालं असतं.

कलम ३. हत्यारं: हलवायचे दोन डबे, बर्फ फोडायचा सोटा, लिंबू पिळायचा दांडा, लांब पात्याची सुरी, जायफळाची किसणी. सगळी ठमीची. तशी आजही ती मला हात लावू देत नाही. म्हणते, "अप्पा, तुम्ही नुसते बसा आणि गिऱ्हाइकांना थापा मारा."

याच कलमात 'सुटका' करायची रीत लिहून ठेवतो. ठमीला ती माझ्यापेक्षा चांगली येते, पण कागदावर कधी उतरलेली नाही. काळी रम दोन मापं. अननसाचा रस चार मापं, ताजा काढलेला. डबाबंद ओतणाऱ्याचे हात झडोत. संत्र्याचा रस एक माप. साखर घालून आटवलेलं नारळाचं घट्ट दूध एक माप. बर्फ बोटाच्या पेराएवढा फोडायचा. चुरा केला तर नुसतं पाणी होतं, मोठा ठेवला तर रस नीट गार होत नाही. डबा कानाजवळ धरून हलवायचा. आधी बर्फ खडखडतो, मग आवाज जड होतो, मग डब्याला बाहेरून दव धरतं, तेव्हा थांबायचं. गाळायचं नाही, बर्फासकट ओतायचं आणि वर जायफळ गिऱ्हाइकासमोर किसायचं, कारण अर्धी चव नाकानेच कळते. छत्र्याबित्र्या खोचायच्या नाहीत.

नाव ठेवलं ते एका बोटीच्या इंजिनवाल्याने. दाढ ठणकत होती, गाल धरून आला, दोन घोट घेतले आणि म्हणाला, "आई गं, सुटलो!" तेव्हापासून सुटका. छत्तीस वर्षं लोक इथे सुटायला येतात. मी काउंटरच्या आतल्या बाजूला असतो, त्यामुळे माझा नंबर लागलेला नाही.

रमचं माप मात्र काठोकाठ भरायचं. थोडं सांडलं तरी चालेल. लोक म्हणतात, मापाडी दिलदार माणूस. दिलदार कसला डोंबलाचा! कारण खाली येतंय.

आणखी एक. पिऊन बाकावर कलंडलेल्या माणसाला पाठीवर झोपू द्यायचं नाही. कुशीवर वळवायचं, पाठीला उशी लावायची आणि कोणीतरी शेजारी बसायचं. आपल्या बारचा हा नियम आहे. गिऱ्हाइकं हसतात. हसू दे.

कलम ४. समोरच्या बारवाल्याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. त्याने सुटका चोरली, तीत केशरी सरबत घातलं आणि पाटीवर 'मूळ' असं लिहिलं. माझ्या तिरडीला खांदा द्यायला तो पुढे होईल, कारण बघणारे असतील. त्याला मागच्या बाजूला धरू द्या, पुढे नको.

कलम ५. माझ्या मेव्हण्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, बायकोचं शिवणयंत्र द्यावं. ते त्याने एकदा मागितलं होतं आणि मी त्याला जिन्यावरून हाकलून दिलं होतं. कारण यंत्राचं नव्हतं. ठमी नऊ वर्षांची होती. त्याच्या घरी कपाटातलं घड्याळ सापडेना, तर हा सगळ्यांसमोर म्हणाला, "चोराच्या पोरीचे खिसे बघा आधी." ठमीने स्वतःच खिसे उलटे करून दाखवले. घड्याळ त्याच्याच कोटात निघालं. मी त्याच्या थोबाडीत मारली आणि चाळीस वर्षं त्याच्याशी बोललो नाही. आता लिहितो: मेव्हण्या, तू खोटं बोलला नव्हतास. तुला जे सांगितलं गेलं तेच तू बोललास. सांगणारा मी होतो.

त्या दिवसानंतर ठमीला सवय लागली. कुठूनही निघताना पिशवी उघडून दाखवते. रोज बार बंद केला की माझ्यासमोर पिशवी उघडते आणि म्हणते, "अप्पा, बघा." मी म्हणतो, "काय वेडेपणा आहे?" ती म्हणते, "रक्तात असलं तर? बघा म्हणजे झालं." आणि मी बघतो. चाळीस वर्षं रोज मी त्या पिशवीत डोकावलो. डबा, छत्री, औषधाची पट्टी. एकदाही मला सांगता आलं नाही की तुझ्या रक्तात काही नाही, ठमे, जे आहे ते माझ्या रक्तात आहे. जहाज कंपनीत तिला रोखपालाची जागा चालून आली होती, तिने नाकारली. एका चांगल्या मुलाने मागणी घातली, तर पहिल्याच भेटीत हिने त्याला सांगून टाकलं, "माझे वडील चोरीची रम पिऊन मेले." तो परत आला नाही.

कलम ६. कोठीतलं मोठं लाकडी पीप. हे आरमाराचं आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर रोज दुपारी रम वाटली जायची. जुने खलाशी सांगत, पूर्वी रमवर विश्वास नसे, म्हणून ती तोफेच्या दारूवर ओतून काडी लावत. भिजूनही भडका उडाला तर रम अस्सल. वर बसलेल्यांना शेवटी कळलं की पिऊन यंत्रं चालवता येत नाहीत, आणि वाटप बंद झालं. त्या दिवशी आम्ही दंडाला काळ्या फिती बांधल्या आणि एक रिकामं पीप झेंड्यात गुंडाळून समुद्रात सोडलं. दाढीवाले बाप्ये हमसून रडत होते. मीही रडलो, पण मी वेगळ्याच गोष्टीसाठी.

आमच्या जहाजाचं हे पीप लिलावात मी घेतलं. तळाला थोडी रम होती. हे पीप कधी पुरतं रिकामं करत नाहीत. अर्ध्यावर आलं की वरून नवी भरतात, जुनी नवीला वळण लावते. म्हणजे कलम सातमधल्या त्या दिवशीच्या रमचा अंश त्यात अजून आहे आणि या गावाने प्यायलेल्या प्रत्येक सुटकेत तो होता. ठमीला ठेवायचं असेल तर ठेवावं. रस्त्यावर ओतायचं असेल तर ओतावं.

कलम ७. तांब्याचं माप, जहाजावर मी रम वाटायचो ते. आता आलं.

जहाजावर रोज साडेअकराला शिट्टीवाला वर उभा राहून शिट्टी फुंकायचा. ती शिट्टी वाजली की तीनशे माणसांचे चेहरे बदलायचे. मी कोठी उघडायचो, समोर अधिकारी उभा. साध्या खलाशांना रमच्या दुप्पट पाणी घालून, कारण पाणी घातलेली रम साठवून ठेवता येत नाही. मोठ्या हुद्देवाल्यांना बिनपाण्याची. उरेल ती अधिकाऱ्यासमोर मोरीत ओतायची, असा नियम.

आता आमच्या धंद्यातली गोम. माप भरताना अंगठा आत बुडवून धरायचा. अंगठ्याएवढी रम कमी भरते, पिणाऱ्याला कळतही नाही. बिनपाण्याची घेणारे साठ जण, म्हणजे दिवसाला साठ अंगठे होतात. मोरीत ओतताना हात जरा वळवायचा की ती बाटलीत. सगळेच वाटणारे हे करायचे, मला ज्याने शिकवलं त्यानेही आधी अंगठाच शिकवला. बिनपाण्याची, घट्ट, काळी. आम्ही तिला 'अंगठ्याची रम' म्हणायचो.

आणि खलाशांचा आपसातला रिवाज असा: कोणाचे उपकार झाले, कोणाकडे आनंदाची बातमी आली, तर आपल्या वाट्यातली रम त्याला द्यायची. तीन पायऱ्या. ओठभर, म्हणजे नुसते ओठ ओले. घोटभर, म्हणजे एक मोठा घोट. आणि तळापर्यंत, म्हणजे पूर्ण पेला. मूल झालं तर ओठभर, असं ठरलेलं.

त्या दिवशी टपालाची होडी आली आणि शिट्टीवाल्याला तार मिळाली. मुलगी झाली. पोर आणि आई सुखरूप. तो ती तार दाखवत सगळ्या जहाजभर पळाला. त्या दिवशी साडेअकराची शिट्टी त्याने अशी वाजवली की कप्तान खोलीतून बाहेर येऊन हसला. आमच्या खोलीतली अठरा माणसं. सगळ्यांचा लाडका होता तो. पहिल्याने ओठभरऐवजी घोटभर दिली, मग बाकीचे मागे कसे राहणार? अठरा घोट. तरी तो पायावर उभा होता. ठमे, तो तेवढ्याने मेला नसता. हे मी तुला शपथेवर सांगतो.

बाकीचे कामावर गेले, तेव्हा वर मी माझी बाटली दिली. पाऊण भरलेली. म्हणालो, "लेका, ही माझ्याकडून. एकुलत्या एक दोस्ताकडून ओठभर घेणार होय?" तो म्हणाला, "मापाड्या, पोरीचं नाव तू ठेवायचं हं." आणि तोंडाला लावली. मी हसत होतो. मीच हसत होतो! मग त्याला झोळीत पाठीवर झोपवलं, अंगावर चादर घातली आणि मी मापं धुवायला गेलो. चारला परत आलो. त्याला झोपेतच ओकारी झाली होती आणि ती बाहेर आली नव्हती. अंग गार पडायला लागलं होतं. हाका मारल्या, थोबाडीत मारल्या, कुशीवर वळवला. आधी वळवायला हवा होता.

बाटली त्याच्या हाताशी होती. बाटली कोणाची, हे विचारणार हे उघड होतं. मला तुरुंग दिसला. लोक यायच्या आत मी कोठीची जादा किल्ली त्याच्या पेटीत टाकली. चौकशीत मी 'चोर' हा शब्द उच्चारला नाही. एवढंच म्हणालो, "परवापासून एक किल्ली सापडत नाही, साहेब." बाकीचं त्यांनीच जुळवलं. चोरीची रम पिऊन मेला, असा शेरा. पेन्शन नाही. धक्क्यावर नोकरीत मेलेल्यांचा दगडी फलक आहे, त्यावर नाव नाही. समुद्रात सोडला तेव्हा त्याच्यासाठी शिट्टी फुंकायची का, यावर अधिकाऱ्यांची चर्चा झाली. फुंकली नाही.

तिच्या आईकडे बातमी घेऊन मी गेलो. दोन वर्षांनी लग्न केलं. लोक म्हणाले, दोस्तीला जागला. मी तिच्यावर आणि ठमीवर जीव टाकला, तो खरा आहे, त्यात अंगठा नाही. पण रोज बोलायला तोंड उघडलं आणि रोज मिटलं. उद्या सांगू, पोर मोठी झाली की सांगू, बायको बरी झाली की सांगू. बायको गेली.

कलम ८. हे मृत्युपत्र पाकिटात बंद करून वकीलबाईंकडे राहील आणि मी गेल्यावरच ठमीने उघडावं. कलम सात आरमाराच्या पेन्शन कचेरीला दाखवून तिने बापाचा शेरा पुसून घ्यावा, नाव दगडावर कोरून घ्यावं.

कलम ९. कलम ८ रद्द. आज गुरुवारी वकीलबाई मसुदा बघायला आल्या. कलम सातपाशी त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "काका, कचेरी हा कागद घेणार नाही. मेलेल्या माणसाला उलटे प्रश्न विचारता येत नाहीत. तुम्हाला स्वतः समोर बसून जबाब द्यावा लागेल. आणि अर्ज वारसाचा लागतो, म्हणजे तिची सही."

मी म्हणालो, "सोमवारी जाऊ."

डॉक्टर इंजेक्शन भरत होते, ते मान वर न करता म्हणाले, "सोमवारी तुम्ही असाल. शुद्धीत असाल याची हमी नाही. या दुखण्यात विष डोक्यात चढतं. माणूस आपल्या मुलीलाही ओळखत नाही."

उद्या शुक्रवार. कचेरी एक वाजता बंद होते, मग दोन दिवस सुट्टी. शेरा पुसायचा तर जो एकच माणूस जिवंत आहे त्याच्या डोक्यात दिवा आहे तोवरच. आणि त्यासाठी ठमीला माझ्या डोळ्यांदेखत हे कळायला हवं. मी मेल्यावर नाही, आत्ता. मी मोठा शहाणा, मरणाच्या मागे लपायला निघालो होतो. मला भीती वाटते. मरणाची नाही, डॉक्टरांना वाटतं तशी. तिने माझ्याकडे बघायची भीती वाटते.

कलम १०. शुक्रवार सकाळ. ठमी तीनदा वर आली. एकदा औषध घेऊन, एकदा लिंबूवाल्याची तक्रार घेऊन, एकदा उगाच. तिन्ही वेळा म्हणालो, "काही नाही, जा." चौथ्यांदा वकीलबाईंनी तिला हाक मारली आणि मी कागद पुढे केले.

तिने खिडकीपाशी उभं राहून सगळं वाचलं. सावकाश, मालाची पावती तपासावी तसं. पान उलटताना बोटाला अननसाचा रस होता, त्याचे डाग कागदावर आहेत. ते माझ्या हातचे नाहीत, हे इथे नमूद करतो. वाचून झाल्यावर कागद जुळवले आणि खिडकीकडेच तोंड ठेवून विचारलं,

"किल्ली तुम्ही टाकलीत?"

"हो."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे ती त्यांना चोर समजूनच गेली."

मी हो म्हणालो की नाही ते आठवत नाही. "ठमे," एवढं मात्र म्हणालो. ती माझ्याकडे वळली नाही. वकीलबाईंना म्हणाली, "यांना विचारा, जिना उतरता येईल का."

मला उतरता आलं नाही. बारमध्ये बर्फ टाकायला आलेल्या बर्फवाल्याने मला पाठीवर घेऊन खाली नेलं. गाडीत ती पुढे बसली.

कलम ११. शुक्रवार दुपार. कलम दहा आणि हे, दोन्ही कचेरीतून परत आल्यावर लिहितो, कारण हात अजून चालतोय.

जबाब दीड तास चालला. टेबलापलीकडे चष्म्याचा तरुण अधिकारी होता, त्याच्या जन्माआधीच रम बंद झालेली. अंगठा कसा धरायचा हे त्याला कळेना. मी पाण्याच्या पेल्यात धरून दाखवला. किल्लीचं दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं. मी रडलो, पण तारीख, वेळ, माणसं, काही चुकलं नाही. शेवटी सही केली. एकला चार मिनिटं होती.

मग त्याने ठमीचा अर्ज पुढे ओढला. ठमीने आपलं नाव लिहिलं आणि वडिलांच्या नावाच्या रकान्यात, जिथे शाळेपासून माझं नाव लागत आलंय, तिथे शिट्टीवाल्याचं नाव लिहिलं. एकदाही न थांबता.

"तुम्ही मयताच्या कोण?" त्याने विचारलं.

"मुलगी."

लिहून घेत त्याने पेनाने माझ्याकडे दाखवलं. "आणि हे आपले कोण?"

ठमीने दिवसभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. नीट, डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"साक्षीदार," ती म्हणाली.

वरील कलम १ ते ११, रद्द केलेलं सोडून, मी स्वतः लिहिली, स्वतः वाचली आणि शुद्धीत असताना खालील दोघांसमोर सही केली. मिळकत कलम दोनप्रमाणेच जाईल. ती मला काहीही म्हणो अथवा न म्हणो, त्याने फरक पडणार नाही.

लिहून ठेवणार: मापाडी (सही)

साक्षीदार: १. उपचार करणारे डॉक्टर (सही)
२. बर्फवाला (सही)

ठिकाण: बारवरची पुढची खोली
दिनांक: शुक्रवार, दुपारी तीन वाजता